इंजिनिअरिंगच्या वर्गात पाट्या: खजुरी बाजारातले मिनी व्हाइटबोर्ड घ्यावेत का?

आधी माल काय आहे ते सांगते, ज्यांना तेवढंच हवंय ते इथेच मोकळे. ए-फोर कागदाहून किंचित मोठी पांढरी पाटी, दोन्ही बाजूंनी लिहिता येते, कडेला प्लास्टिकची पट्टी, सोबत एक बारकासा मार्कर आणि त्याच्या टोपणालाच चिकटवलेला फेल्टचा डस्टर. ब्रँड वगैरे काही नाही. आपल्या इंदूरच्या खजुरी बाजारात स्टेशनरीच्या होलसेल दुकानांत मिळते, एक पाटी ६०-७० रुपयांच्या आसपास, डझनाने घेतल्या तर थोडं खाली येतात. मी ढीगभर मागितल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, प्ले स्कूल खोल रहे हो क्या?" मी म्हटलं नाही भैया, इंजिनिअरिंग फर्स्ट इयर. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि काही न बोलता आणखी दोन रुपये कमी केले, दया आली असावी. घरी आईनेही तेच, "एवढ्या मोठ्या घोड्यांना पाट्या?"

तर घोडे कोण ते सांगते. मी इंदूरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात बेसिक इलेक्ट्रिकल शिकवते. वर्गात साठ-पासष्ट पोरं. काही खरगोन, धार, झाबुआ, देवासकडून आलेली, बारावीपर्यंत हिंदी मीडियम, आणि बाकीची भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये दोन-दोन वर्षं घासून आलेली. पहिल्यांना इंग्लिशची भीती आणि दुसऱ्यांचा समज की हे सगळं आपल्याला येतंच, आणि दोन्हीचा परिणाम एकच, वर्गात चिडीचूप. "समझ में आया?" विचारलं की एका सुरात "यस मॅम". मग युनिट टेस्टचे पेपर हातात आले की कळतं काय समजलं होतं ते.

त्यात कॉलेजात फ्लिप्ड क्लासरूमची लाट आली. म्हणजे लेक्चर पोरांनी घरी व्हिडिओवर बघून यायचं आणि वर्गाच्या वेळात गणितं, प्रश्न, चर्चा. अमेरिकेत कोलोराडोमधल्या वुडलँड पार्कच्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन मास्तरांनी २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, कारण अगदी साधं, मॅचेसना आणि इतर कामांना गेलेल्या पोरांचे तास बुडायचे. पुढे त्याचं एवढं मोठं प्रकरण झालं. आता आपल्याकडे नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) रिपोर्टमध्ये स्टुडंट-सेंट्रिक मेथड्सचं काय करता ते लिहावं लागतं, त्यामुळे सर्क्युलर निघालं, वर्कशॉप झालं, चहा-समोसे झाले आणि सगळी स्टाफरूम व्हिडिओच्या मागे लागली. माइक कुठला, रिंग लाइट किती इंचाचा, एडिटिंग कुठल्या ॲपमध्ये. एकाने हिरवा पडदासुद्धा आणला. पोरं व्हिडिओ बघून आली (समजा आलीच) तर वर्गात पन्नास मिनिटं करायचं काय, हे मात्र कुणी विचारेना, आणि जे कुणी केलं त्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिडिओत शिकवलेलं वर्गात पुन्हा शिकवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा आणि डोकं दोन्ही उलट्या टोकाला खर्च होऊन राहिलंय. व्हिडिओ तर पडलेत. फुकट ऑनलाइन कोर्सचं एनपीटेल २००३ पासून चालू आहे, तसंच सरकारी स्वयम २०१७ पासून, बेसिक इलेक्ट्रिकलसारख्या विषयावर आयआयटीच्या प्रोफेसरांचे तासच्या तास फुकट आहेत, त्यातला दहा मिनिटांचा तुकडा नेमून दिला तरी काम भागतं. महाग वस्तू म्हणजे एका जागी बसलेली साठ पोरं आणि तो तास. हे नुसतं माझं मत नाही. युटामधल्या ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीत जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बायोलॉजीच्या वर्गांची तुलना छापली. एकीकडे नवीन भाग घरी आणि सराव वर्गात, दुसरीकडे नवीन भाग वर्गात आणि सराव घरी, पण दोन्हीकडे पोरांना स्वतः डोकं चालवायला लावणारीच पद्धत. शिकण्यात फरक नाही निघाला. म्हणजे फायदा झाला तो पोरांनी हातपाय हलवण्याचा, व्हिडिओ घरी बघण्याचा नाही. म्हणून मी रिंग लाइट न घेता पाट्या घेतल्या.

आता पाटीने वर्गात काय होतं ते एका प्रश्नावरून सांगते. ६० वॉटचा एक बल्ब, १०० वॉटचा एक बल्ब, जुने पिवळे फिलामेंटवाले, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक एकाच वायरीवर, जोडून २३० व्होल्टला लावले. कुठला जास्त उजळ दिसेल? बोलायचं नाही, शेजाऱ्याकडे बघायचं नाही, पाटीवर उत्तर लिहा आणि का ते चित्र काढून दाखवा. दोन मिनिटं. मग "एक, दो, तीन" आणि सगळ्या पाट्या एकदम वर.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी फळ्याकडून बघतच राहिले. बहुतेक सगळीकडे १००, १००, १००. कोचिंगवाल्या कोपऱ्यात थोडे ६०, त्यातल्या दोघांनी नुसतं ६० लिहून खाली "बिकॉज सिरीज" एवढंच, म्हणजे कुठेतरी पाठ केलेलं. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची पाटी. तिने सर्किट काढलं होतं, अगदी नीट, आणि बॅटरीच्या जागी मेन्स लिहून पहिल्या बल्बच्या आधी करंटचा बाण जाड काढला, पहिल्या बल्बनंतर बारीक, आणि दुसऱ्या बल्बनंतर अगदीच रेघ. म्हणजे तिच्या डोक्यात बल्ब करंट खातो आणि उरलेला पुढे पाठवतो. हे मी तोवर वर्षानुवर्षं "सिरीजमध्ये करंट सेम असतो" असं फळ्यावर लिहीत आले होते आणि पोरं ते वहीत उतरवत आली होती. फोनवरच्या पोलमध्ये मला दिसलं असतं "ऑप्शन बी, अमुक टक्के". बाणाची जाडी दिसली नसती.

मग मी तो बाण फळ्यावर काढला, कुणाचा ते न सांगता, आणि म्हटलं ज्याचं उत्तर तुमच्याहून वेगळं आहे त्याला पटवा, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. इथे वर्ग फुटतो. हिंदी, मालवी, निमाडी, एक भाऊ तर शेजाऱ्याला पाण्याच्या मोटरवरून समजावत होता. शेजारच्या वर्गातून सर येऊन डोकावून गेले. चार-पाच मिनिटांनी पुन्हा पाट्या वर, आणि आता ६० बरेच जास्त. त्यानंतरच मी हिशोब केला. ६० वॉटच्या बल्बचा रेझिस्टन्स सुमारे ८८२ ओहम, १०० वॉटचा ५२९. दोन्हीतून करंट एकच, साधारण ०.१६ अँपिअर, म्हणून ६० वाल्यावर १४४ व्होल्ट पडतात आणि १०० वाल्यावर ८६. पॉवर काढली तर २३ वॉट आणि १४ वॉट. मागून प्रश्न आला, "मॅम, पर फिलामेंट ठंडा रहेगा तो रेझिस्टन्स भी तो कम होगा ना?" बरोबर आहे, टंगस्टनचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो त्यामुळे खरे आकडे थोडे वेगळे येतील, जिंकणार मात्र ६० च. असा प्रश्न मला लेक्चरमध्ये कधी आला नव्हता. (लॅबमध्ये लावून दाखवायचं असेल तर पिवळे बल्ब आता शोधावे लागतात, एलईडीवर हा प्रयोग होत नाही.)

ही आयडिया माझी नाही हे उघड आहे. हार्वर्डच्या एरिक मझुर यांनी १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात हेच केलं, त्याला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यात एक हिशोब फार कामाचा आहे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के पोरांचं बरोबर आलं तरच चर्चा करायला लावायची, त्याहून कमी असेल तर भाग पुन्हा समजवा कारण आंधळा आंधळ्याला काय रस्ता दाखवणार, आणि जास्त असेल तर वेळ न घालवता पुढे चला. माझ्या बल्बच्या प्रश्नात पहिल्या फेरीत त्या खालच्या हद्दीच्याही खाली होते, नियमाने भाग पुन्हा समजवायला हवा होता, मी मात्र बाण फळ्यावर काढून वाद लावला. पाट्यांवर हा अंदाज नजरेने येतो, मोजायची गरज पडत नाही.

आणि क्लिकर नावाची रिमोटसारखी मशिनं असतात ना, परदेशात पोरांच्या हातात देतात, ती नाहीत म्हणून अडून बसायची काही गरज नाही. नॅथनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये तुलना करून दाखवलं की क्लिकर दिले काय आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं दिली काय, पोरांच्या शिकण्यात फरक पडला नाही. कार्डांवर फक्त ए-बी-सी-डी दाखवता येतं, पाटीवर बाण काढता येतो, म्हणून मी पाटीला वरचा नंबर देते. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या फिजिक्सवाल्यांनी जी मॉडेलिंग पद्धत वाढवली त्यात तर मोठे व्हाइटबोर्ड हेच मुख्य हत्यार आहे, तीन-चार पोरांत एक.

बरं, आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

मार्कर. सोबत येणारा मार्कर म्हणजे शुद्ध टाइमपास. टिप इतकी बारीक की चौथ्या बाकाच्या मागचं मला काही वाचता येत नाही, आणि टोपण पाच मिनिटं उघडं राहिलं की वाळला. पोरं टोपण लावत नाहीत हे काय सांगायला हवं? त्यावरचा डस्टर गोंदाने चिकटवलेला असतो, तो आठवड्याभरात सुटा होतो आणि मग बाकांखाली काळे फेल्टचे तुकडे, झाडूवाल्या मावशी माझ्याकडे बघतात. मार्कर वेगळे घ्या, जाड टिपचे, रिफिल होणारे. रंग काळाच. हिरवा आणि लाल फार गोड दिसतो पण ट्यूबलाइटखाली लांबून दिसत नाही. डस्टर म्हणून जुने मोजे किंवा बनियनचे तुकडे, फुकट आणि जास्त टिकतात.

दुसरं म्हणजे डाग. लिहिलेलं दोन-तीन दिवस तसंच राहिलं की पुसल्यावरही भुतासारखं दिसत राहतं. त्यावर त्याच मार्करने पुन्हा गिरवून लगेच पुसलं की निघतं, ताज्या शाईतलं सॉल्व्हंट जुनी शाई सोडवतं, नाहीतर थोडं स्पिरिट. पण काही पाट्यांचा पांढरा थरच पातळ आहे, त्यांच्यावर घासून घासून राखाडी पट्टा पडला तो पडलाच. एकाच डझनात काही उत्तम आणि काही अशा निघतात, क्वालिटी अजिबात सारखी नाही. घेताना प्रत्येक पाटी तिरकी धरून चमक बघा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे.

कडेची पट्टी निघते, ती निघाल्यावर कोपरा बोटाला लागतो. हे मात्र मला खरंच आवडलं नाही.

आणि पोरं चित्रं काढतात. क्रिकेटचा स्कोअर, शेजाऱ्याचं नाव आणि हृदय, एकाने माझं चष्म्यासकट चित्र काढलं ते इतकं हुबेहूब होतं की मी फोटो काढून ठेवलाय. ही तक्रार नाही खरं तर.

साठ-पासष्ट पोरांना एकेक म्हटलं की चार हजारांच्या आसपास जातं, वर मार्कर. आमच्या एचओडी सरांनी डिपार्टमेंटच्या किरकोळ खर्चातून पैसे दिले हे नशीब, सगळीकडे मिळतील असं नाही. तर त्यावर इंदूरी इलाज सांगते. सियागंजकडे किंवा कुठल्याही प्लायवूडवाल्याकडे पांढरा चकचकीत सनमायका मिळतो, शीट आठ बाय चार फुटाची असते. त्याचे बारा बाय आठ इंचाचे तुकडे केले तर एका शीटमधून ४८ निघतात, सुताराची कापायची मजुरी धरूनही एकेक पाटी तयार पाटीच्या निम्म्याहून कमीत पडते. ग्लॉसीच घ्यायचा, मॅट घेतला तर शाई पुसली जात नाही. कडा मात्र सुरीसारख्या असतात, सॅण्डपेपर मारल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका, आणि एकच बाजू वापरता येते, मागची तपकिरी खडबडीत असते. माझ्या दुसऱ्या सेक्शनला मी सनमायकाच वापरते. पुसायला तयार पाटीपेक्षा बरा आहे, खरं सांगायचं तर. वाकवला की मात्र तुटतो, आणि पोरं वाकवून बघतातच.

फोनवरचे पोलवाले ॲप का नाही, हे स्टाफरूममध्ये रोज विचारतात. एक तर आमच्या जुन्या बिल्डिंगच्या आतल्या हॉलमध्ये नेटवर्क नावाची गोष्ट नाही. दुसरं, फोन एकदा हातात दिला की तो प्रश्नावर थांबत नाही, आणि मी काही साठ फोनांवर नजर ठेवू शकत नाही. आकड्यांचा रेकॉर्ड ठेवायला ॲप चांगलं, ते मान्य. पाटी पुसली की गेलं, नॅकला दाखवायला काही उरत नाही. म्हणून मी पाट्या वर झाल्या की फळ्याकडून एक फोटो काढते, फाइललाही लागतो आणि रात्री घरी बसून कुणाचे बाण कुठे जाड-बारीक आहेत ते बघताही येतं.

व्हिडिओ न बघताच वर्गात येणाऱ्यांचं काय? येतात, भरपूर येतात. होस्टेलचं वायफाय रात्री दहानंतर मरतं, डेटा संपतो, झोप येते. सुरुवातीला पहिली पाच मिनिटं पाटीवर एकच काम, व्हिडिओतलं जे समजलं नाही ते एका ओळीत लिहा. ज्याने बघितलाच नाही त्याची पाटी कोरी राहते किंवा "ऑल क्लिअर मॅम", आणि खोटं "ऑल क्लिअर" पुढच्याच प्रश्नात उघडं पडतं. मी ओरडत नाही. शेजाऱ्याला पटवताना आपल्याकडे सांगायला काहीच नाही हे चारचौघांत दिसलं की पुढच्या वेळी बरेच जण निदान दोनच्या स्पीडवर तरी बघून येतात. सगळे नाही.

सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅकमध्ये काहींनी लिहिलं, "मॅम खुद कम पढ़ाती हैं, हमसे ही करवाती हैं." वाचून राग यायचा. पण हार्वर्डमध्येच डेलॉरिए आणि इतरांनी २०१९ मध्ये फिजिक्सच्या वर्गांवर हेच छापलंय, ॲक्टिव्ह वर्गातल्या, म्हणजे जिथे पोरांकडूनच करवून घेतात तिथल्या, पोरांनी टेस्टमध्ये जास्त मार्क मिळवले आणि तरी त्यांना वाटत होतं की आपण लेक्चरमध्ये जास्त शिकतो. गुळगुळीत लेक्चर ऐकताना समजल्यासारखं वाटतं, पाटीवर स्वतःचं चुकलेलं बघताना नाही वाटत. तेव्हापासून मी पहिल्याच तासाला पोरांना हे सांगून टाकते, की बाबांनो, तुम्हाला कमी शिकल्यासारखं वाटेल, वाटू दे.

सीनिअर सरांचा मुद्दा असतो, "मॅडम, सिलॅबस?" मुद्दा खरा आहे. एक बल्बचा प्रश्न वीस मिनिटं खातो, तेवढ्यात लेक्चरमध्ये दोन डेरिव्हेशन होतात. मी डेरिव्हेशन व्हिडिओवर ढकलली आहेत आणि काही सोडूनही दिली आहेत. त्याच्या समोर मी एकच आकडा ठेवते, सायन्स-इंजिनिअरिंगच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशोब फ्रीमन आणि मंडळींनी २०१४ मध्ये केला, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के आणि ॲक्टिव्ह वर्गात २१.८ टक्के. सर म्हणतात ते अमेरिकेचं आहे. असेल, बल्ब तर इथेही तसेच जळतात.

स्टार द्यायचेच तर बाजारातल्या पाटीला साडेतीन, सोबतच्या मार्करला शून्य, सनमायकाला चार. तीस पोरांचा ट्यूटोरियल असेल तर तयार पाट्याच घ्या, कटकट कमी. मोठा वर्ग असेल, पैसे स्वतःच्या खिशातून जाणार असतील आणि ओळखीचा सुतार असेल तर सनमायका. फिक्स बाकांच्या उतरत्या हॉलमध्ये शिकवत असाल तर दोघांत एक पाटी पुरते, पहिलं उत्तर ज्याने त्याने वहीत लिहायचं आणि वाद झाल्यावरचं पाटीवर, त्यात खर्चही निम्मा. आणि खजुरी बाजारात जाताना संध्याकाळी जाऊ नका, राजवाड्याच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी अकराच्या सुमाराला दुकानं उघडतात तेव्हाच जा.